आमची वाटचाल : खाशाबांची गादी शोधता शोधता

आमची टूर कंपनी लहान, कोल्हापुरातली. एका गटात अठराच्या वर माणसं घेत नाही. सुरुवात युरोपच्या नेहमीच्या सहलींनी झाली. त्यात ऑलिम्पिक स्टेडियम म्हणजे रस्त्याकडेला बस थांबवून दहा मिनिटांचा फोटो, एवढंच. आज आमच्या निम्म्याहून जास्त सहली ऑलिम्पिकच्या जागांभोवती बांधलेल्या असतात. प्रवाशांच्या एका प्रश्नानं हे वळण लागलं : खाशाबा जाधव नेमके कुठं लढले?

हेलसिंकीला गेलेला मराठी माणूस ऑलिम्पिक स्टेडियमच्या पांढऱ्या मनोऱ्यासमोर उभा राहतो आणि ‘इथंच खाशाबांनी पदक घेतलं’ म्हणून फोटो घरी पाठवतो. पण कुस्त्या त्या स्टेडियमात झाल्याच नाहीत. २३ जुलै १९५२ रोजी गोळेश्वरच्या या पैलवानानं बँटमवेट फ्रीस्टाइलचं कांस्य जिंकलं ते शेजारच्या मेस्सुहल्लीत, म्हणजे प्रदर्शनाच्या हॉलमध्ये. तीच वास्तू आता टोलो क्रीडागृह म्हणून वापरात आहे. स्टेडियमजवळच्या पावो नुर्मी या फिनिश धावपटूच्या पुतळ्यापासून चालत पाचेक मिनिटं. तिथं रोज लोकांचा सराव चालतो, त्यामुळं गट घेऊन जायचं तर आधी ई-मेल करून वेळ ठरवावी आणि खेळणाऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. मनोराही बघावाच. त्याची उंची ७२.७१ मीटर, कारण १९३२ च्या ऑलिम्पिकात फिनलंडच्या मात्ती यार्विनेननं सुवर्ण मिळवलेली भालाफेक तेवढी होती. मनोऱ्यासाठी जून-जुलै उत्तम. डिसेंबरात तिथं सव्वातीनलाच सूर्य मावळतो आणि दुपारच्या जेवणानंतर वर गेलेल्याला काळोख बघून उतरावं लागतं.

त्या आधीच्या, म्हणजे १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकात खाशाबा सहावे आले. ती कुस्तीची गादी होती अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये. तो हॉल पाडून तिथं एम्प्रेस स्टेट बिल्डिंग उभी राहिली. तिथं बघण्यासारखं काही उरलेलं नाही, हे आम्ही पैसे घेण्याआधीच सांगतो.

यातूनच आमची कामाची पद्धत ठरली. यजमान शहराचं नाव बघून कार्यक्रम आखायचा नाही, त्या खेळाच्या जागेचा पत्ता काढायचा. पॅरिस २०२४ घ्या. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं ते पॅरिसपासून सुमारे २७० किलोमीटर दक्षिणेला, शातोरूच्या नेमबाजी केंद्रात. ओस्तरलित्झ स्टेशनवरून आगगाडीनं साधारण दोन तास लागतात. केंद्र चालू आहे, पर्यटकांसाठी उघडं ठेवलेलं नाही. परवानगीचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय आम्ही तो दिवस कार्यक्रमात छापत नाही. उलट १९०० मध्ये ऑलिम्पिक क्रिकेटचा एकमेव सामना झाला ते व्हँसेनचं सायकल-मैदान पॅरिसच्या पूर्व कडेला आजही आहे, आणि अर्ध्या दिवसात बघून होतं.

दुसरी तपासणी तारखांची. बर्लिनच्या स्टेडियमात हर्था या फुटबॉल क्लबचा सामना असला की पाहणी बंद. ध्यानचंदांच्या संघानं १५ ऑगस्ट १९३६ ला जर्मनीला ८-१ हरवलं ते हॉकी मैदान मुख्य स्टेडियममध्ये नाही, त्याच संकुलात वेगळं आहे, हेही नकाशावर आधी पाहून ठेवावं. म्युनिकचा ऑलिम्पिक टॉवर २०२४ च्या जूनमध्ये दुरुस्तीसाठी बंद झाला. अथेन्सचं २००४ चं स्टेडियम २०२३ मध्ये छताच्या धोक्यामुळं बंद करावं लागलं. म्हणून निघण्याआधी साठ दिवस आणि पुन्हा सात दिवस, असं दोनदा आम्ही अधिकृत संकेतस्थळ बघतो. जुन्या ब्लॉगवर विसंबून आखलेले कार्यक्रम फाटकाशीच फसतात.

ग्रीसवर मात्र आमचा विशेष जीव आहे. प्राचीन ऑलिंपिया अथेन्सहून सुमारे ३०० किलोमीटर, बसनं चार तास तरी धरावेत. एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नका, आठ तास बसमध्येच जातात. रात्री गावात मुक्काम करून सकाळी फाटक उघडताच आत शिरावं, कारण धावपट्टीवर सावली नाही. पट्टी १९२ मीटरची. तिच्या टोकाला दगडी आरंभरेषा अजून जागेवर आहे, तिच्यात दोन समांतर खाचा कोरलेल्या. धावपटू त्या खाचांत पायाची बोटं रुतवून उभा राहायचा. वाकून खाच नीट बघितली की गटातली बडबड आपोआप थांबते, हे आम्ही प्रत्येक वेळी पाहतो. अथेन्सच्या पॅनाथेनाइक स्टेडियमला, म्हणजे १८९६ च्या मैदानाला, एक तास पुरतो. बैठकी संगमरवरी, पाठ टेकायला काही नाही. पावसानंतर पायऱ्या निसरड्या होतात, ज्येष्ठांना खालच्या रांगांतच बसवावं.

व्हिसाची चूक सगळ्यात महाग पडते. सारायेव्होची १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकची बॉबस्ले (बर्फावरच्या घसरगाडीची) पट्टी बघायला, त्रेबेविचच्या केबल कारनं वर जायला अनेकांना आवडतं. पण सारायेव्हो ज्या देशात आहे तो बॉस्निया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. शेंगेनचा व्हिसा सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच आत येण्याचा, असेल तर तिकडून शेंगेनमध्ये परत येता येत नाही. अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागावी, आणि अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो याचा फायदा घ्यावा. डोंगरावर आखलेली वाट सोडायची नाही. युद्धातले सुरुंग त्या भागात पेरले गेले होते.

सध्या सर्वाधिक चौकशा २०२८ च्या ऑलिम्पिकच्या. लॉस एंजेलिसचं क्रिकेट शहराच्या मध्यात नाही, पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवर पोमोनात आहे. क्रिकेटसाठीच जाणाऱ्यांनी हॉटेल ऑन्टारिओ विमानतळाच्या बाजूला बघावं. मेट्रोची ए लाइन सप्टेंबर २०२५ पासून पोमोना नॉर्थपर्यंत जाते. सॉफ्टबॉल आणि कनू स्लालम (खळाळत्या पाण्यातली होडीची शर्यत) तर थेट ओक्लाहोमा सिटीत आहेत, तिथं विमानानंच जावं लागेल. सामन्यांची तिकिटं आम्ही विकत नाही. ती ज्यानं त्यानं आपल्या नावानं अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावीत. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मात्र आत्ताच उरकावी. पासपोर्ट मध्येच संपला तरी जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा चालतो, दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे.

ब्रिस्बेन २०३२ ची सहल आम्ही अजून काढलेली नाही. व्हिक्टोरिया पार्कात ६३ हजार आसनांचं स्टेडियम उभारायचं मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं, त्यामुळं दाखवायला अजून काही नाही. क्रिकेटप्रेमींना तूर्त एवढंच सांगतो की ऑलिम्पिकनंतर गॅबा हे ब्रिस्बेनचं क्रिकेट मैदान पाडायचं ठरलं आहे. तिथं बसून कसोटी बघायची असेल तर ती त्याआधीच बघून घ्या.