शेडमध्ये झोपणाऱ्यांची वाट

18 मे 2025 च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यांत कारखान्याच्याच आवारात राहणारी माणसं होती, एक तान्हं मूलही होतं. सोलापुरात काम आणि मुक्काम एकाच छताखाली असणं नवं नाही. पूर्व भागात खाली माग आणि वर घर अशा इमारती कितीतरी आहेत. एमआयडीसीत बाहेरगावचे कामगार शेडच्या कडेच्या खोलीत, नाहीतर पोटमाळ्यावर झोपतात. आगीपासून बचावाची बहुतेक माहिती जाग्या माणसाला धरून लिहिलेली असते. इथे झोपलेल्या माणसाचा विचार आधी करायला हवा.

जागा माणूस आग लहान असतानाच बघतो. झोपलेल्याला धुराच्या वासाने जाग येईल असं समजू नका. झोपेत नाक फारसं काम करत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. गरम धूर आधी छताला लागतो आणि मग खाली उतरतो, म्हणून पोटमाळ्यावरचा माणूस सगळ्यांत आधी सापडतो. 18 डिसेंबर 2017 ला मुंबईत साकीनाक्याच्या फरसाण दुकानाला आग लागली, त्यात 12 कामगार गेले. पोटमाळ्यावर झोपलेली माणसं खाली येऊच शकली नाहीत. ज्या खोलीतून बाहेर पडायला मालातून किंवा यंत्रांमधून जावं लागतं, ती खोली झोपायला द्यायचीच नाही. बाकी सगळी व्यवस्था त्यानंतर.

आग लागते कुठे? यंत्रमागाच्या शेडमध्ये बहुतेक वेळा विजेची चूक आणि सुताची तूस, म्हणजे उडणारे बारीक तंतू, यांची गाठ पडते. मागाच्या स्टार्टरचा डबा, अर्थात मेन बंद करून, एकदा उघडून बघा. झाकणाचं रबर गेलेलं असतं, फटीतून आत गेलेली तूस कॉन्टॅक्टरवर, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागावर, पांढऱ्या थरासारखी बसलेली असते. माग दिवसभर हादरतो, त्याने टर्मिनलचे स्क्रू ढिले पडतात. ढिल्या जोडापाशी वायरचं आवरण आधी तपकिरी होतं, मग कडक होऊन तडकतं. अशी वायर दिसली की टेप गुंडाळून चालत नाही. तेवढा तुकडा कापून, वायरच्या टोकाला नवा लग (धातूची टोपी) दाबून, स्क्रू नीट आवळायचा. सगळ्या स्टार्टरांचे आणि पॅनेलचे स्क्रू महिन्यातून एकदा तपासले तर मोठा धोका तिथेच टळतो.

दुसरी चूक एमसीबीची, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचची. उन्हाळ्यात पंखे, कूलर वाढले की एमसीबी पडायला लागते आणि कुणीतरी मोठी बसवून मोकळं होतं. दीड स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या वायरीला फार तर 16 अँपिअरची एमसीबी ठीक. तिथे 32 ची बसवली तर एमसीबी पडायच्या आधी वायरच तापते. सतत पडणारी एमसीबी लोड जास्त आहे किंवा कुठेतरी दोष आहे हेच सांगत असते. लोड वाटून द्या किंवा वायर जाड घाला. राहायच्या खोल्यांच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, वेगळी असावी.

तूस काढायची पद्धतही महत्त्वाची आहे. काँप्रेसरच्या हवेने फुंकली की ती पॅनेलमध्ये, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, पत्र्याखालच्या अँगलवर जाऊन बसते. ब्रशने आणि व्हॅक्यूमने, वरून खाली, माग बंद ठेवून काढावी. जकार्डचा (मागावरच्या नक्षी विणायच्या यंत्राचा) वरचा भाग आणि छताचे अँगल सगळेच विसरतात. अँगलवरच्या तुसेवर ज्वाळा पळत जाते आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला खाली मालावर पडते. म्हणूनच आग एका कोपऱ्यात लागली तरी दोन ठिकाणी पेटलेली दिसते.

आता दार. चोरीच्या भीतीने रात्री बाहेरून कुलूप लावायचं, किल्ली मालकाकडे किंवा सुपरवायझरकडे, ही पद्धत बंद व्हायलाच हवी. माल चोरीला गेला तर परत विणता येतो. दार बाहेरून उघडू नये पण आतून किल्लीशिवाय उघडावं, अशी कुलपं आणि आडवा दांडा दाबून उघडणारी दारं बाजारात मिळतात. दार रात्री उघडलं की भोंगा वाजेल अशी सोय केली की चोरीचाही प्रश्न सुटतो. रोलिंग शटर ही बाहेर पडायची वाट धरू नका. मोटारीचं असेल तर वीज जाताच अडकतं, हाताचं असेल तर तापून पट्ट्या वाकतात. शेजारी बाहेरच्या बाजूला उघडणारं निदान तीन फुटांचं दार हवं, आणि त्याच्यासमोर सुताचे बीम, कार्टन, टाकाऊ सुताची पोती काही नको. जमिनीवर पिवळे पट्टे मारून ती जागा मोकळी राखा.

खिडकीच्या जाळीत आतून कडीने उघडणारी झडप करून घ्या, साधारण दोन फूट बाय अडीच फूट, म्हणजे माणूस सहज निघेल. वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. गच्चीच्या दाराला कुलूप नको, आतून फक्त कडी. तरी गच्ची ही दुसरी वाट. खाली पेटलं की जिना धुराड्यासारखा धूर वर ओढतो. म्हणून जिन्याखाली दुचाकी, पुठ्ठे, गॅसची टाकी आणि चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर यांतलं काहीही नको. कॉट बेसिसवरच्या खोल्या, वसतिगृहं आणि अभ्यासिकांनाही हे जसंच्या तसं लागू आहे. तिथे बहुधा एकच जिना असतो.

कामगारांचा स्वयंपाक शेडच्या आत नको, वेगळ्या हवेशीर जागेत हवा. टाकी उभी, शेगडी टाकीपेक्षा उंचावर, रबरी नळी आयएसआय खुणेची आणि पाच वर्षांनी बदललेली. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. वास आला तर कुठलंही बटण चालू करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन 1906 ला फोन करा.

झोपायच्या खोलीत आणि जिन्यात धुराचा अलार्म लावा. मागाच्या शेडमध्ये मात्र तो लावू नका. तुसेने तो खोटा वाजतो किंवा बुजतो, आणि चार वेळा खोटा वाजला की कुणीतरी काढून ठेवतं. शेडसाठी उष्णतेवर चालणारा डिटेक्टर घ्या. सगळे भोंगे एकमेकांना जोडलेले हवेत, म्हणजे शेडमध्ये पेटलं की खोलीत आवाज येईल. सोलापूरच्या कारखान्यात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी बोलणारी माणसं एकत्र असतात. भोंगा सगळ्यांना कळतो. बाहेर जायच्या पाट्यांवर मात्र बाण मोठा हवा आणि मजकूर या भाषांत हवा.

विझवायची साधनं. सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर जेमतेम 15-20 सेकंद चालतो. सहा-आठ फुटांवरून, ज्वाळेच्या बुडाशी, इकडून तिकडे फवारायचा, आणि पाठीमागे दार असेल तरच. कुठूनही 15 मीटरच्या आत एक तरी सापडावा. दाबाचा काटा हिरव्यात आहे का हे दर महिन्याला बघा. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) सिलिंडरला काटा नसतो, तो वजन करून तपासतात. पॅनेलला सीओटू, मालाला पाणी. सुताच्या गठ्ठ्यावर पावडर मारली तर वरची ज्वाळा जाते आणि आत धुमसत राहतं. तो गठ्ठा बाहेर ओढून, फोडून, भिजवावा लागतो.

पाण्याची अडचण आपल्याकडे खास आहे. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे आगीसाठी ठेवलेला हौद रोजच्या वापरात संपतो. उपाय सोपा आहे. रोजच्या वापराच्या पंपाची ओढपाइप हौदात उंचावर संपवायची आणि आगीच्या पंपाची तळाशी. मग राखीव पाणी कुणी उपसायचं म्हटलं तरी उपसलं जात नाही.

भोंगा वाजला तर काय करायचं, हे ठरलेलं असावं. ज्याला आग दिसली तो ओरडतो आणि भोंग्याचं बटण दाबतो. दुसरा मेन बंद करतो, तेही मेन वाटेवर असेल तरच. कपडे, मोबाइल, पैसे घ्यायला थांबायचं नाही. धूर असेल तर गुडघ्यांवर, भिंत धरून निघायचं. बाहेर पडताना दार ओढून घ्यायचं, कुलूप नाही. ओल्या फडक्याने काजळी अडते, विषारी वायू नाही. त्याच्या भरवशावर धुरात शिरू नका. दार तापलं असेल तर उघडू नका. फटीत ओली चादर कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीत उभं राहा, टॉर्च हलवा. 101 किंवा 112 ला सांगताना प्लॉट नंबर, जवळचा चौक, आत किती माणसं आणि कुठल्या मजल्यावर, हे चारही सांगा.

आत किती माणसं, हेच पहाटे कुणाला माहीत नसतं. गावी गेलेला कोण, पाहुणा आलेला कोण? रात्री मुक्कामाला कोण आहे त्यांची नावं गेटपाशी फळ्यावर रोज संध्याकाळी लिहा, आणि बाहेर जमायची एकच जागा ठरवा, बंबाच्या रस्त्यात न येणारी. मोजणीत एखादा कमी भरला तर आत परत जायचं नाही, बंबवाल्यांना सांगायचं.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली मालक किंवा भोगवटादाराला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. तो भरताना पंप खरोखर चालवून बघा. सराव मात्र दिवसा घेऊन उपयोग नाही. रात्री अकरानंतर, लाइट बंद करून, एक दार मुद्दाम अडवून घ्या आणि शेवटचा माणूस बाहेर यायला किती वेळ लागला ते फळ्यावरच्या नावांपुढे लिहा.