मेम्फिस: उतरत्या जमिनीचा स्टुडिओ

अमेरिकेतल्या मेम्फिसला येणाऱ्या पर्यटकांची रीघ गायक एल्विस प्रेस्लीच्या घराकडे लागते. आम्ही मात्र ९२६, ईस्ट मॅक्लेमोर अव्हेन्यू या पत्त्यावर गेलो. 'स्टॅक्स' या सोल संगीताच्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत पाऊल टाकताच जाणवला तो जमिनीचा उतार. १९६० साली जिम स्टुअर्ट आणि त्यांची थोरली बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन यांनी येथले बंद पडलेले कॅपिटॉल चित्रपटगृह भाड्याने घेतले, खुर्च्या काढल्या, पण उतार तसाच ठेवला.

स्टुअर्ट बँकेत नोकरी करीत आणि कंट्री संगीतात फिडल (व्हायोलिन) वाजवीत. ध्वनिमुद्रण यंत्रासाठी एस्टेलबाईंनी आपले घर गहाण टाकले होते. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरे जोडून १९६१ मध्ये 'स्टॅक्स' हे नाव तयार झाले. चित्रपटगृहाच्या खाऊच्या ठेल्याच्या जागी बाईंनी तबकड्यांचे दुकान थाटले आणि वस्तीतली कृष्णवर्णीय मुले काय ऐकतात, हे तेथेच हेरले. माझ्या मते या कंपनीचा खरा कान तोच होता. वर्णभेदाच्या त्या शहरात बुकर टी. अँड द एमजीज हा कृष्णवर्णीय आणि गोऱ्या वादकांचा चमू याच खोलीत एकत्र वाजवीत असे. गायक ओटिस रेडिंग १९६२ मध्ये येथे आला तो दुसऱ्या कलावंताची गाडी चालवत. उरलेल्या वेळात त्याला गाऊ दिले गेले.

१० डिसेंबर १९६७ रोजी विमान अपघातात ओटिस गेला. पुढच्याच वर्षी स्टॅक्सच्या तबकड्यांची वितरक कंपनी अटलांटिकशी संबंध तुटले, तेव्हा स्टुअर्ट यांनी नीट न वाचता सही केलेल्या करारानुसार तोवरच्या मूळ ध्वनिफितींची मालकी अटलांटिककडे असल्याचे उघड झाले. बँकेत हिशेब सांभाळणाऱ्या माणसाने कागद वाचू नये, याचे मला राहून राहून नवल वाटले. त्यानंतर स्टॅक्सचेच अधिकारी अल बेल यांनी कंपनी पुन्हा उभी केली. १९७२ च्या 'वॉटस्टॅक्स' मैफलीला लॉस एंजेलिसमध्ये लाखभर माणसे जमली. तरीही कर्जापायी १९७५ अखेर टाळे लागले.

खरे तर आम्ही चाललो तो उतारही मूळचा नव्हे. जुनी इमारत १९८९ मध्ये पाडली गेली आणि २००३ मध्ये त्याच जागी तिची प्रतिकृती संग्रहालय म्हणून उघडली, तेव्हा जमीन मुद्दाम उतरती बांधली. स्टॅक्सचे गायक-संगीतकार आयझॅक हेझ यांची सोनेरी मुलाम्याची कॅडिलॅक पाहून आम्ही दुकानात आलो. ओटिसची एक तबकडी घेतली. मागच्या बाजूला हक्कांच्या बारीक ओळीत नाव होते अटलांटिकचे.