वाघळांची नोंदवही: फेऱ्यांऐवजी आता शिकारीचा ‘झर्र्’

शेतावर रात्री वाघळांच्या हाका माइकने टिपून मी त्यांचा तक्ता ठेवतो. या वेळेपासून त्यातला मुख्य रकाना बदलतोय. ‘फेऱ्या’ (वाघूळ माइकजवळून किती वेळा गेलं) मागे गेल्या, ‘झर्र्’ (किडा पकडताना निघणारी दाट हाकांची लड) पुढे आला. एकच वाघूळ एका झाडाभोवती घिरट्या घालत राहिलं तरी डिटेक्टरला (हाका टिपणाऱ्या यंत्राला) ओळीने दहा वाघळं गेल्यासारखी वाटतात. शिवाय बरीचशी नुसती इकडून तिकडे चाललेली असतात. आपल्याला हवंय ते वेगळंच: किडे खाल्ले जातायत का, आणि त्यात पिकाची कीड किती?

हिंडणारं वाघूळ सेकंदाला साधारण दहाएक हाका देतं. कीटकाचा माग लागला की हाका दाटत जातात आणि शेवटच्या क्षणी त्यांचा वेग सेकंदाला दीडशेच्याही पुढे जातो. श्राव्यातीत हाक आपल्या कानाला ऐकू येईल इतकी खाली आणणाऱ्या हेटेरोडाइन डिटेक्टरवर हे बॅगेची चेन ओढल्यासारखं ऐकू येतं. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर, हाकांच्या उभ्या रेघा एकमेकींना चिकटतात आणि कंप्रता खाली सरकते. एकदा नजर बसली की संगणकाच्या आपोआप ओळखीपेक्षा डोळ्यांनी चाळणं बरं, असं माझं मत झालंय. बारीक झर्र् सॉफ्टवेअर सर्रास सोडून देतं.

दोन सूचना. माइक पाण्याजवळ असेल तर आकडा फुगतो, कारण उडता उडता पाणी पितानाही वाघळं असाच झर्र् काढतात. मी माइक पाण्यापासून दूर, शेताच्या कडेच्या झाडओळीत हलवला. आकडे पडले, पण ते खरे वाटतात. दुसरी सूचना सेटिंगची: नमुनादर (आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा) 384 किलोहर्ट्झ ठेवलाय, म्हणजे 192 किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं पकडलं जातं. रातकिड्यांच्या कटकटीला वैतागून खालच्या कंप्रतेचे आवाज गाळणारा फिल्टर फार वर नेऊ नका. मोकळ्या आभाळात उंचावर शिकार करणारी मोकळ्या शेपटीची वाघळं बऱ्याचदा 20-25 किलोहर्ट्झच्या आसपास, कधी त्याहूनही खाली बोलतात, आणि दूरवरून उडत येणारे पतंग नेमके त्यांच्याच वाट्याला येतात.

आता ‘वाघूळ तासाला हजार डास खातं’ या वाक्याबद्दल, कारण ते मला पुन्हा पुन्हा ऐकवलं जातं. त्याचं मूळ 1960च्या एका प्रयोगाशी जाऊन पोचतं. डोनाल्ड ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी बंद खोलीत भरपूर डास सोडून त्यात वाघूळ उडवलं, वजन किती वाढलं ते पाहिलं आणि मिनिटाला दहाच्या आसपास डास, असा हिशोब निघाला. खोलीतल्या त्या मिनिटांना साठने गुणायचं, आलेले सहाशे फुगवून हजार करायचे आणि रात्रभर मोकळ्या रानात लावायचं, हे पुढच्यांचं काम. उघड्यावर वाघूळ जे मिळेल, जे पकडायला परवडेल ते खातं. मोठा पतंग समोर असेल तर डासामागे कोण धावेल?

मला पटतात ते जाळीचे प्रयोग. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये मक्याच्या काही तुकड्यांवर फक्त रात्री जाळी टाकायची, दिवसा काढायची. म्हणजे पक्ष्यांना मोकळीक आणि वाघळांनाच मज्जाव. 2015 साली निकाल छापून आले: जाळीखालच्या कणसांत अळ्या 50 टक्क्यांहून जास्त वाढल्या होत्या. दाण्यांचं नुकसान वाढलं, शिवाय अळ्यांच्या मागोमाग येणारी बुरशीही. ही अळी आपल्या घाटेअळीची सख्खी चुलत बहीण. मेक्सिकोतल्या कॉफीच्या मळ्यात 2008च्या अभ्यासात दिवसाची आणि रात्रीची जाळी वेगवेगळी लावली होती. तिथे पावसाळ्यात वाघळांचा वाटा पक्ष्यांपेक्षा मोठा निघाला. माझ्या माइकमधून असा पुरावा कधीच निघणार नाही, पण कुठे जाळी लावण्यात अर्थ आहे ते तो सांगू शकतो.

आणखी एक गोष्ट नोंदींत शोधतोय. घाटेअळीच्या पतंगाला वाघळाची हाक ऐकू येते. लांबून आली तर तो तोंड फिरवून पळतो, जवळून आली तर पंख मिटून खाली कोसळतो. म्हणून अर्धवट तुटलेला झर्र्, ज्याच्यानंतर लगेच नेहमीच्या हाका सुरू होतात, तो मी वेगळ्या रकान्यात टाकतो. किडा तोंडात आला असेल तर सहसा मध्ये जरा मोठी शांतता पडते. नुसती फसलेली शिकारही मात्र शेतकऱ्याच्या अगदीच निरुपयोगाची नाही: श्राव्यातीत आवाज वाजवला की काही जातींचे पतंग अंडी कमी घालतात, असं प्रयोगांत दिसलंय.

वाघळांनी काय खाल्लं ते त्यांच्या लेंड्यांतून शोधण्याचं काम संथ आहे. अल्कोहोलमध्ये भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरल्यावर पतंगांचे खवले आणि भुंगेऱ्यांच्या कडक पंखांचे तुकडे ओळखता येतात, मऊ अंगाचे किडे जवळजवळ नाहीसे झालेले असतात. खवल्यांवरून ‘पतंग’ इतकंच म्हणता येतं, जात नाही. त्यासाठी डीएनए तपासणीच हवी. वाळक्या लेंड्या झाडू नका, आधी ओल्या करा आणि मास्क लावा. त्या धुळीतून हिस्टोप्लाझ्माची बुरशी फुफ्फुसात जाते. जमिनीवर पडलेलं वाघूळ उघड्या हाताने उचलू नये, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. नव्यांनी रेबीज लक्षात ठेवावा.

वाघळांच्या वस्तीसाठी लावलेली पेटी अजून रिकामी. फट दोन सेंटिमीटरच्या आसपास, आतली फळी खरबरीत, तळ उघडा, एवढं जमलंय. दुपारच्या उन्हातून ती हलवायची आहे. आत चाळीस अंशांच्या वर तापमान गेलं तर पिल्लं भाजून निघतील. स्पेनमधल्या एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात भातशेतीत पेट्या लावल्या, त्यांत छोटी पिपिस्ट्रेल वाघळं वस्तीला आली आणि खोडकिड्याचा उपद्रव घटला. पण तिथेही पेट्या भरायला वर्षं लागली. वाघळाची मादी बहुतेक जातींत वर्षाला एकच पिल्लू देते, त्यामुळे पुढचे काही महिने पेटीच्या रकान्यात शून्य दिसलं तर कुणी काळजी करू नये.

पुढच्या वेळी: झाडओळीतला एक माइक आणि उघड्या शेताच्या मधोमध एक, एकाच रात्री, अमावस्येच्या आसपास. सोबत प्रकाशसापळ्यात पडलेल्या पतंगांची मोजदाद. सापळा मात्र माइकपासून भरपूर लांब ठेवणार, नाहीतर दिव्याभोवती जमलेली वाघळंच मोजत बसू.