रेवदंड्याला जाताना तिथी बघून जा

अलिबागहून मुरूडकडे जाणारे बरेच जण रेवदंड्याचा किल्ला पार करतात, पण ते त्यांच्या गावीही नसतं. रस्ताच तटबंदीतून जातो. आत घरं, नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि मध्येच एखाद्या कुंपणामागे पडकं चर्च. पोर्तुगीजांनी इथे १५२१ पासून बस्तान बसवलं, ते १७४० मध्ये मराठ्यांनी उठवलं. झाडीतून डोकं वर काढणारा सातखणी मनोरा आधी गाठा. वाड्या खाजगी आहेत, विचारून आत शिरा.

समुद्राकडचा तट मात्र ओहोटीलाच बघायचा. भरतीला पाणी भिंतीपर्यंत येतं. कोळ्यांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. आम्ही गेलो तेव्हा चतुर्थी, म्हणजे तीनला भरती आणि सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. नऊला वाळूत उतरलो आणि निवांत तटाच्या कडेने चालत गेलो.

गावातल्या शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. वास्को द गामाच्याही आधी हा गडी विकायला घोडा घेऊन चौलला उतरला होता. घोड्यापायी त्याला पुढे बराच मनस्ताप झाला, ते वेगळं.

चौल अगदी लागूनच. रामेश्वराच्या देवळात पर्जन्य, वायू आणि अग्नी अशी तीन कुंडं आहेत. पाऊस ओढ देऊ लागला की पर्जन्यकुंड उघडायची प्रथा.

दुपारनंतर खाडीपूल ओलांडून कोर्लईला गेलो. कोळीवाड्यातला रस्ता इतका अरुंद की समोरून टेम्पो आला आणि मला बरंच अंतर मागे यावं लागलं. मोठी गाडी अलीकडेच लावा. दीपगृहाजवळून पायऱ्या चढून गडावर जाता येतं. पाणी सोबत घ्या. आमची बाटली गाडीतच राहिली आणि बायकोची बोलणी वर पोचेपर्यंत ऐकली.

गडापेक्षा माझं मन खालच्या गावात जास्त रमलं. इथले ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली बोलतात, तिला म्हणतात 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा. दुकानातल्या मावशी माझ्याशी मराठीत बोलल्या, वळून मुलाला काही ओरडल्या, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. मुलगा मात्र निमूट अभ्यासाला बसला.

मुंबईहून गेटवे-मांडवा लाँच सोयीची, पण पावसाळ्यात ती बंद असते. अलिबागहून रेवदंड्याला एसटी मिळते. कोर्लईसाठी मात्र रिक्षा ठरवताना परतीचंही बोलून घ्या.