पितळी डब्यावरचं नाव

नवीन कादंबरी सुरू केलीये हे कळल्यापासून तीनचार जणांनी विचारलं, तुला विषय सुचतात कसे. खरं सांगायचं तर विषय असा मला कधी सुचलेलाच नाही. एखादी वस्तू नाहीतर कुणाचं एखादं वाक्य डोक्यात अडकून बसतं आणि ते का अडकलंय हे शोधण्यात दोनतीन वर्षं जातात.

या वेळी अडकला तो एक पितळी डबा. आजी गेल्यावर नारायण पेठेतलं घर रिकामं करत होतो, माळ्यावरची भांडी खाली काढली, आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत त्यामुळे कुठलं भांडं कुणी कधी दिलं ते कळतंच, आणि या एका डब्यावर भलत्याच बाईचं नाव. ठिपक्याठिपक्यांनी टोचलेली अक्षरं, खाली 'आत्याकडून' आणि १९५८. त्या आडनावाचं आमच्या नात्यात कुणीच नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "अगं, पुरातला असेल."

पुण्यात नुसतं पूर म्हटलं की पानशेतचाच. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेत धरण फुटलं, मग त्याच दिवशी खालचं खडकवासला, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर आमच्या वाड्यातला गाळ उपसताना कुणाकुणाची भांडी निघाली, त्यातलाच हा.

मग मी जे नेहमी करते तेच केलं, वाचत सुटले. धरण मातीचं होतं, काम पूर्ण व्हायच्या आधीच त्यात पाणी साठलं होतं, लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली म्हणून ते रात्री फुटलं नाही, दिवसा फुटलं आणि कितीतरी माणसं वाचली. शहराचं पाणी खडकवासल्याचं, त्यामुळे पुरानंतर नळ कोरडे, लोक पुन्हा जुन्या विहिरींवर. हे सगळं इतकं भरलं होतं डोक्यात की ऐंशी पानं भराभर लिहून झाली. वाचून बघितली तर पूर होता, पण माणूस एकही नव्हता. ठेवून दिली सगळी. वाईट वाटलं, पण माहिती संपल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही हा माझा दरवेळचा अनुभव आहे.

नंतर एकदा डबा हातात घेऊन बसले होते तेव्हा लक्षात आलं की माळ्यावरची बाकीची भांडी काळीहिरवी पडलेली, हा एकटाच जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळलेला आणि स्वच्छ. परत आईला फोन. ती म्हणाली आजी दर दिवाळीला चिंच लावून घासायची तो, पण त्यात कधी काही भरलं नाही, लाडू ठेवायला डबे कमी पडायचे तरी नाही.

इथे कादंबरी सुरू झाली. आजी तो डबा परत द्यायला तयार ठेवत होती! मग प्रश्न रांगेने आले. तिने त्या बाईला शोधलं का? पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या, तिथे गेली असेल का? का मुद्दाम गेली नाही, कारण ती बाई वाचलीच नाही असं कुणी सांगितलं तर? या एका 'तर' वर मला तीनशे पानं दिसायला लागली. आता खऱ्या आजीला मी बाजूला ठेवलंय, कादंबरीतली बाई वेगळी आहे, तिचा नवरा वेगळा, तिचं दुःख वेगळं, डबा तेवढा तोच.

काल तिला कापडी पिशवीत डबा घालून लोकमान्यनगरला पाठवलं. जिना चढली, दारावरचं नाव वाचलं, तेच आडनाव होतं. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि ती तशीच खाली उतरली. का उतरली ते अजून मला कळलेलं नाही, आज सकाळपासून तिथेच बसलेय.