आठ वारांचा किल्ट

गेल्या दिवाळीनंतर माझ्या सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. जरा बरं वाटायला लागल्यावर त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो फेब्रुवारीचा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात करी या लहानशा गावाजवळ मूर्स क्रीकची रणभूमी आहे. तिथे दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या १७७६च्या लढाईचा स्मरणदिन असतो आणि सासरे कित्येक वर्षं तिथे किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा लोकरी पोशाख, घालून जात आले आहेत. डॉक्टर म्हणाले, जा, पण वॉकर घेऊन, आणि कमरेला एवढी जड लोकर आवळून नको. त्या रात्री सासऱ्यांचा फोन आला. "या वर्षी तू घाल," एवढंच म्हणाले.

मी साताऱ्याचा. नॉर्थ कॅरोलायनाच्या राजधानीत, रालीत, राहून सतरा वर्षं झाली. किल्ट घालायचा म्हटल्यावर मनात आलं, हे माझ्या कुळाचं नाही, मी कोण घालणारा? पण बायको म्हणाली, तुझं नसेल, मुलांचं आहे. दोन्ही मुली आजोळच्या बाजूने त्याच स्कॉटिश माणसांच्या आहेत. मी हो म्हणालो.

हा किल्ट सासऱ्यांनी तरुणपणी एडिनबर्गला शिवून घेतलेला. त्याला आठ यार्ड कापड लागलंय, म्हणजे चक्क आठ वार. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला तर तिने आधी हेच विचारलं, "किती वारी आहे रे?" आठ म्हटल्यावर म्हणाली, "मग नऊवारीला एकच वार कमी. पण निऱ्या मागे कशा?" निऱ्या सगळ्या मागेच असतात. पुढे दोन सपाट पदर एकमेकांवर येतात, पुरुषांचा वरचा पदर डावीकडून येऊन उजवीकडे संपतो आणि त्या कडेला झालर असते. निऱ्या नितंबापर्यंत हाताने टाचलेल्या आणि खाली मोकळ्या. प्रत्येक निरी अशी मोजून घातलेली की मागून पाहिलं तरी चौकडीचं नक्षीकाम अखंड दिसतं, निऱ्या पडल्याच नाहीत असं वाटतं. ते पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा मी बराच वेळ नुसता त्यावरून बोट फिरवत बसलो.

अडचण मापाची. सासरे सहा फुटांच्या वर, मी पाच फूट सात. किल्ट माझ्या गुडघ्याखाली आला. मी म्हटलं, खालून दुमडून घेऊ. सासरे एकदम ताठ झाले. किल्टला खाली दुमड नसतेच. विणताना कापडाला जो काठ येतो तोच खाली ठेवतात, म्हणून खालून कापता येत नाही. कमी करायचा तर वरून सगळा उसवून पुन्हा बांधावा लागतो. मग त्यांनीच मार्ग काढला. मी तो पँटसारखा कमरेच्या हाडावर घातला होता. किल्ट बेंबीच्या रेषेत, बरगड्यांच्या जरा खाली बांधायचा. तीन इंच तिथेच वर गेले. मग गुडघ्यावर बसून पाहिलं, काठ जमिनीला टेकायला नको. टेकला नाही. घेर जास्त होता, म्हणून शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडून बक्कलं आणि पट्टे सरकवून घेतले. जुन्या जागी टाक्यांची बारीक भोकं तेवढी दिसत होती.

एक चूक मात्र झाली आणि ती माझ्या हातून झाली. वाऱ्याने पदर उडू नये म्हणून खाली एक मोठी पिन लावतात. ती फक्त वरच्या पदराला लावायची असते, वजनापुरती. मी दोन्ही पदर एकत्र टोचले, खुर्चीवरून उठलो आणि लोकर बोटभर फाटली. पन्नासहून अधिक वर्षं जपलेलं वस्त्र. सासऱ्यांना सांगताना मला शब्द सुचेना. त्यांनी हात पुढे केला, फाटलेलं नीट पाहिलं आणि सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातून त्याच हिरव्या रंगाचा धागा काढून दिला. रफू मी केलं. आजही तिथे हात लावला की जाडसर लागतं.

किल्ट अंगावर बसेपर्यंत जानेवारी उजाडला. मग त्यांनी दुसरी गोष्ट माझ्याकडे दिली, एक फाइल. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले की आपला मूळपुरुष स्कॉटलंडच्या स्काय बेटावरून १७६०च्या दशकाच्या शेवटी इथे आला आणि मूर्स क्रीकला अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढला. "कागद काही नाही," सासरे म्हणाले, "तुला जुने कागद आवडतात, बघ." ते खरं आहे. आमच्या घराण्याची नावं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आहेत. लहानपणी वडिलांबरोबर गेलो होतो तेव्हा पणजोबांचं नाव त्यांनी वाचून दाखवलं आणि माझ्या अंगावर काटा आला होता. इथे वही नाही, उपाध्यायही नाहीत. इथे रालीतच जोन्स स्ट्रीटवर राज्याचं दप्तर आहे. पिशवी बाहेर कपाटात ठेवायची, आत फक्त पेन्सिल न्यायची आणि स्वतःच शोधायचं.

स्कॉटिश डोंगराळ मुलखातली, म्हणजे हायलँड्समधली, माणसं या भागात कशी आली हे मला तिथे नीट कळलं. १७३९मध्ये आर्गाइलहून साडेतीनशेच्या आसपास माणसं जहाजाने आली आणि केप फिअर नदीने वर चढून पाइनच्या जंगलात वसली. त्या वेळचा गव्हर्नर गॅब्रिएल जॉन्स्टन स्वतः स्कॉट होता, त्याने त्यांना उत्तेजन दिलं. पुढे १७४६मध्ये स्कॉटलंडात कलोडनच्या मैदानावर ब्रिटिश राजाविरुद्ध स्टुअर्ट राजपुत्राच्या बाजूने लढणाऱ्या डोंगरी सैन्याचा धुव्वा उडाला. त्यानंतर सरकारने स्कॉटलंडमध्ये पुरुषांना किल्ट आणि टार्टन, म्हणजे चौकडीचं लोकरी कापड, घालायलाच बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडलं तर सात वर्षांसाठी समुद्रापलीकडच्या वसाहतींत रवानगी. सवलत फक्त फौजेत असणाऱ्यांना, म्हणून राजाच्या हायलँड पलटणी अमेरिकेत किल्ट घालून लढल्या. ही बंदी १७८२पर्यंत टिकली. म्हणजे सासऱ्यांचा मूळपुरुष जन्मला, वाढला, जहाजात बसला तो सगळा काळ त्याच्या गावात किल्ट हा गुन्हा होता. आणि इथे ज्या काउंटीत त्याला जमीन मिळाली तिचं नाव कंबरलँड. कलोडनला त्यांच्या माणसांची कत्तल करणाऱ्या ड्यूक ऑफ कंबरलँडचंच नाव. दस्तावर पत्ता लिहिताना त्यांना दर वेळी ते नाव लिहावं लागत असणार.

शोधात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नावांनी. ही माणसं थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायची, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच. परिणामी एकाच ओढ्याकाठी एकाच नावाची चार माणसं निघाली, सगळी सख्खी-चुलत. सासऱ्यांच्या आडनावात मॅक आहे. मॅक म्हणजे अमक्याचा मुलगा, आपल्या जुन्या कागदांतल्या 'बिन'सारखं. तेही कारकून वाटेल तसं लिहायचे. कुठे मॅक, कुठे नुसता एम आणि वर एक टिंब.

मला वाट मिळाली ती ओढ्यांमुळे. जमिनीच्या प्रत्येक दस्तात चतुःसीमा असतात, या ओढ्याच्या उत्तरेला, त्या पाइनच्या झाडापासून पुढे इतके दांडे, शेजारी अमुक. सातबारा आणि फेरफार पाहिलेल्या माणसाला हे परकं नाही. मी चौघांना कागदावर चार ओढ्यांवर बसवलं आणि मृत्युपत्रांतले साक्षीदार शेजाऱ्यांशी जुळवले. पाच शनिवार गेले. पाचव्या शनिवारी चारांतला आपला कोण ते ठरलं.

आणि त्याच आठवड्यात त्याच्या भावाचा अर्ज सापडला. युद्ध हरल्यावर राजाच्या बाजूने राहिलेल्या लोकांच्या नुकसानभरपाईसाठी ब्रिटिश सरकारने १७८३मध्ये आयोग नेमला होता, त्याच्या कागदांच्या प्रती रालीत आहेत. भाऊ नोव्हा स्कोशियाला, आजच्या कॅनडात, निघून गेला होता. अर्जात त्याने गेलेल्या गुरांची, घोड्यांची, उभ्या मक्याची यादी दिली होती. वर एक ओळ होती की फेब्रुवारी १७७६मध्ये तो आणि त्याचा भाऊ जनरल मॅकडॉनल्डच्या झेंड्याखाली निघाले. म्हणजे आमचा माणूस मूर्स क्रीकला होता. पण तो राजाच्या बाजूने होता.

मी तो कागद चार वेळा वाचला. कलोडनला ज्या राजाने यांना चिरडलं त्याच्याच नातवासाठी हे तलवारी घेऊन निघाले, हे आधी पटेना. मग वाचत गेलो तसं कळलं की बऱ्याच जणांनी राजाशी निष्ठेची शपथ घेतली होती, जमीन राजाच्या नावाने मिळाली होती आणि बंडाचं काय होतं हे त्यांनी किंवा त्यांच्या बापांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कलोडननंतर स्टुअर्ट राजपुत्राला वाचवणारी फ्लोरा मॅकडॉनल्डही १७७४मध्ये इथे आली होती. तिचा नवराही याच फौजेत होता आणि पकडला गेला.

सासऱ्यांना कसं सांगावं याची मला दोन दिवस धास्ती होती. शेवटी छापील प्रत समोर ठेवली. त्यांनी भिंगाने वाचली. खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तो पुलाच्या पलीकडून आला."

फेब्रुवारीत गेलो तेव्हा सकाळी गाडीवर दव गोठलेलं होतं. जाड लोकरीमुळे थंडी फक्त गुडघ्यांना लागत होती. गाडीत बसताना निऱ्या हाताने मागून सारख्या कराव्या लागतात. ते मला आईच्या लुगड्यावरून माहीत होतं, शिकवावं लागलं नाही. मोज्यात खोचायची छोटी सुरी घरीच ठेवली, केंद्र सरकारच्या इमारतीत शस्त्र चालत नाही.

मूर्स क्रीक म्हणजे काळ्या पाण्याचा अरुंद ओढा. दोन्ही काठांना सायप्रसची झाडं, पाणी हलतंय की नाही हेही कळत नाही. २७ फेब्रुवारी १७७६च्या पहाटे पुलाच्या अलीकडे हजारभर बंडखोर वसाहतवाले तोफा रोखून बसले होते. त्यांनी पुलाच्या फळ्या काढून टाकल्या होत्या आणि उरलेल्या तुळयांना साबण आणि चरबी फासली होती. अंधारात हायलँडर 'किंग जॉर्ज आणि तलवारी' असं ओरडत त्या निसरड्या तुळयांवरून धावले. पुढे असलेला कॅप्टन मॅक्लाउड अलीकडे पोचताच पडला. काही मिनिटांत सगळं संपलं. त्यांची तीसेक माणसं गेली, पुढच्या दिवसांत साडेआठशेच्या आसपास पकडले गेले. समोरच्यांतला एकच मेला, जॉन ग्रेडी. दीड महिन्यात नॉर्थ कॅरोलायनाने स्वातंत्र्याला मत द्यायची मुभा आपल्या प्रतिनिधींना दिली, ती मुभा देणारी पहिली वसाहत हीच.

दर वर्षी सासरे पुलाच्या अलीकडे, तोफांच्या बाजूला उभे राहायचे. या वर्षी त्यांनी मला पलीकडे न्यायला सांगितलं. वॉकरने ते सावकाश चालले, मी शेजारी. पलीकडच्या टोकाला जाऊन आम्ही ओढ्याकडे तोंड करून उभे राहिलो. तिथून समोरचे मातीचे बांध किती जवळ आहेत ते दिसतं. फार जवळ आहेत. त्यांनी माझ्या किल्टची कड बोटांत धरली आणि विचारलं, "हा त्याच्या अंगावर नव्हता ना?" मी खरं सांगितलं. कुळागणिक ठरलेले टार्टन ही बहुतेक एकोणिसाव्या शतकातली गोष्ट, १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला त्यानंतर तिला जोर आला. टाचलेल्या निऱ्यांचा किल्टही लढाईनंतरचा. ते म्हणाले, "माझ्या आईने पैसे साठवून मला एडिनबर्गला पाठवलं होतं. हा तिचा आहे." मला ते पुरेसं वाटलं, आजही वाटतं.

घरी आल्यावर त्यांनी मला किल्ट ठेवायला शिकवला. निऱ्या खाली कच्च्या धावदोऱ्याने बांधायच्या, मग गुंडाळी करायची. बक्कलं परत जुन्या जागी लावून घेऊ का म्हणून विचारलं तर मान हलवून नको म्हणाले.

एक गोष्ट मात्र मी त्यांना पुलावर सांगितली नव्हती. लढाईनंतर मूळपुरुष पॅरोलवर सुटला, शेती करत म्हातारा झाला. त्याचं मृत्युपत्र मी वाचलं आहे. त्यात मुलांना जमीन आहे, बायकोला घर आणि गाय आहे, आणि धाकट्या मुलीला एक गुलाम पोर दिली आहे. तिचं नाव लिहिलंय, आडनाव नाही, वय नाही. तिच्या लगेच पुढे गादी आणि एक लोखंडी भांडं. त्या रात्री जेवण झाल्यावर मी ते पानही त्यांच्यासमोर ठेवलं. सासूबाई भांडी घासता घासता थांबल्या. सासऱ्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं, दोनदा, आणि म्हणाले, "हिचं पुढे काय झालं ते शोध. मी येतो तुझ्याबरोबर."

आता ते दर दुसऱ्या शनिवारी येतात, वॉकर बाजूला लावतात, पेन्सिल घेतात. धाकट्या मुलीचं लग्न शेजारच्या काउंटीत झालं होतं. तिच्या नवऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत ते नाव पुन्हा एकदा सापडलं आहे, या वेळी दोन मुलांसह.