साडेसात एकरात हरणाची शिकार: माझे दोन सीझन

पेनसिल्व्हेनियात पेरी काउंटीत घर घेतलं तेव्हा मागची साडेसात एकर जागा बघून माझ्या डोक्यात फक्त भाजीपाला होता, शिकार बिलकुल नव्हती. जागा म्हणजे लांबट पट्टा, 120 यार्ड रुंद आणि 300 यार्ड लांब, घरापासून उतार सुरू होतो तो थेट खाली ओढ्यापर्यंत, आणि खालचा निम्मा भाग ओक नि हिकरीचं रान. पहिल्याच उन्हाळ्यात वालाचे वेल, भेंडी, बीट सगळं हरणांनी जमिनीलगत खाऊन टाकलं. शेजारी एक आजोबा राहतात, आयुष्यभर शिकार केलेले, ते म्हणाले एकतर आठ फुटी कुंपण घाल नाहीतर शिकार शीक, मी शिकवतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे, हरणाला हात लावला तर थेट गुन्हा, त्यामुळे सरकारच लायसन्स देतं हे मला आधी पचेचना. आप्पांनीसुद्धा फोनवर पहिलं हेच विचारलं, "अरे पण कायद्यात बसतं ना?" बसतं. इथले लांडगे आणि डोंगरी सिंह (म्हणजे प्यूमा) एकोणिसाव्या शतकातच संपले, हरणंही तेव्हा संपत आली होती, मग 1895 साली गेम कमिशन, म्हणजे राज्याचं शिकार नि वन्यप्राण्यांचं खातं, स्थापन झालं आणि हरणं परत वाढली, आता ती इतकी आहेत की काही ठिकाणी रानातली ओकची रोपं गुडघ्याच्या वर येतच नाहीत. ते स्वतःच्या रानात डोळ्यांनी बघितलं तेव्हा माझ्या मनातली शंका गेली.

कागदपत्रांचं काम सोपं होतं. पहिल्यांदा लायसन्स घेणाऱ्याला वय कितीही असो हंटर एज्युकेशनचा कोर्स करावाच लागतो, तो केला. मग साधं लायसन्स 20.97 डॉलर, आर्चरीचं म्हणजे धनुष्यबाणाचं वेगळं 16.97, आणि मादी मारायची तर तिचा परवाना 6.97. हा मादीचा परवाना पूर्वी गुलाबी पाकिटातून पोस्टानं मागवावा लागायचा, 2023 पासून ऑनलाईन मिळतो. बंदूक घ्यायची नाही हे मात्र मी नकाशा बघूनच ठरवलं. वस्ती असलेल्या घरापासून 150 यार्डांच्या आत, त्या घरातल्यांच्या परवानगीशिवाय, बंदुकीनं शिकार करता येत नाही, धनुष्य किंवा क्रॉसबोला (बंदुकीसारखा घोडा दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य) ही हद्द 50 यार्डांची आहे. ओढ्यापलीकडे 90 यार्डांवर एक घर आहे, म्हणजे मला क्रॉसबोच.

पहिला सीझन फुकट गेला आणि त्याचं कारण मीच होतो. उताराच्या मधोमध ओकला शिडीवालं मचाण बांधलं, खालच्या हरणांच्या वाटेवर ट्रेल कॅमेरा (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) लावला, फोटोत सात-आठ हरणं रोज दिसायची, म्हटलं आता काय, रोज बसायचं. सहा आठवड्यांत 23 वेळा बसलो. दर दोन दिवसांनी कॅमेऱ्याचं कार्ड काढायला रानातून चालत जायचो ते वेगळंच. पहिल्या आठवड्यात एक मादी 40 यार्डांपर्यंत आली, मान वर केली, पुढचा पाय दोनदा आपटला, नाकातून जोरात फुस्स आवाज काढला आणि पांढरी शेपटी उभी करून गेली, तिच्या मागनं सगळा कळप. नंतर कॅमेऱ्यात हरणं फक्त रात्री बारा-एकलाच.

आजोबांनी माझं मचाण बघितलं, काही बोलले नाहीत, खिशातून मिल्कवीडची एक शेंग काढली आणि तिच्यातली म्हातारी हवेत सोडली. आपल्याकडे रुईची म्हातारी पकडायला आम्ही लहानपणी पळायचो ना, अगदी तीच, मिल्कवीड रुईच्याच कुळातलं. संध्याकाळचे पाच वाजले होते, वारा वाटतच नव्हता, आणि ती म्हातारी माझ्या मचाणापासून हळूहळू उताराने खाली सरकत बरोबर हरणांच्या वाटेवर जाऊन बसली. ऊन उतरलं की हवा गार होऊन पाण्यासारखी खाली वाहते. म्हणजे रोज संध्याकाळी मी माझा वास हरणांच्या नाकात सोडत होतो.

इथेच छोट्या जागेचं सगळं कळतं असं माझं मत आहे. हरणं माझ्या साडेसात एकरात राहत नाहीत, ती शेजाऱ्याच्या झुडपात झोपतात, दुसऱ्या शेजाऱ्याच्या मक्यात चरतात, माझ्याकडून फक्त जातात. पाचशे एकरवाल्याकडे हरीण बिचकलं तरी त्याच्याच जमिनीत राहतं, माझ्याकडे बिचकलं की संपलं.

दुसऱ्या वर्षी मचाण खाली ओढ्याच्या काठाला हलवलं, हरणं ज्या बाजूनं येतात त्याच्या उलट्या टोकाला, म्हणजे गार हवा ओढ्यात उतरून पाण्याबरोबर पुढे निघून जाते. जायची वाट हद्दीच्या कडेकडेनं आणि पुढे रबरी बूट घालून ओढ्यातूनच. मधल्या रानात मार्चनंतर पाय ठेवला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सीझनच्या आधी ओढ्यापलीकडच्या घरी जाऊन परवानगी मागितली, कारण बाण लागल्यावर हरीण शंभर यार्ड सहज पळतं आणि दुसऱ्याच्या हद्दीत गेलं तर विचारल्याशिवाय मागे जाता येत नाही. त्या बाईंनी लगेच हो म्हटलं, फक्त कुत्रा सांभाळ म्हणाल्या.

पाचव्यांदा बसलो त्या दिवशी, 28 ऑक्टोबर, सहाला दहा कमी असताना मोठी मादी आली. एकटीच होती, सोबत पिल्लू नव्हतं ते मी तीनदा बघून घेतलं. 22 यार्ड. ती माझ्याकडे बाजू करून आडवी उभी राहीपर्यंत थांबलो, कानात फक्त माझंच हृदय वाजत होतं. बाण सुटला, ती उडाली आणि ओढा ओलांडून गेली. घड्याळ लावून अर्धा तास मचाणावरच बसलो, मग उतरलो. बाण चिखलात रुतलेला, त्यावर गुलाबी, बारीक बुडबुड्यांचं रक्त, म्हणजे फुप्फुस. हिरवट काळं असतं, म्हणजे पोटात लागलेलं, तर रात्रभर थांबावं लागलं असतं. पलीकडच्या घरी फोन केला, टॉर्च घेऊन आजोबा आले, पानापानावरचे थेंब बघत गेलो आणि 70 यार्डांवर ती पडलेली मिळाली. मी हात लावून दोन मिनिटं तसाच बसलो. मग टॅग, म्हणजे परवान्याबरोबरची चिठ्ठी, भरून कानाला बांधला, तो बांधल्याशिवाय हलवायचं नाही असा नियम आहे.

पोट आजोबांच्या देखरेखीत मीच साफ केलं, आतडं फुटू द्यायचं नाही एवढंच लक्ष ठेवायचं. मांसावरची पांढरी चरबी मात्र सगळी काढा, ती मेणासारखी टाळूला चिकटते. खांद्याचं मांस कांदा-लसूण मसाल्यात कुकरला सहा शिट्ट्या देऊन सुकं केलं, मटणापेक्षा कोरडं लागतं म्हणून सुकं खोबरं जरा जास्त घातलं. एक डबा आजोबांना, एक पलीकडच्या बाईंना. दहा दिवसांच्या आत गेम कमिशनला शिकारीचा रिपोर्ट करायचा असतो, तो त्याच रात्री केला.

मादीचा अजून एक परवाना शिल्लक आहे, पण दोन आठवडे मी ओढ्याकडे फिरकणार नाही. नंतर बघू, म्हातारी कुठे जाते ते.